कडू विभूती

३ जुलै १९६१, उमरगा

औषध कंपनीचा माणूस आज सोलापूरहून आला आणि ही डायरी देऊन गेला. जुलै महिन्यात! बड्या डॉक्टरांना वाटून उरली तेव्हा उमरग्याची आठवण झाली असणार. पहिले सहा महिने कोरे सोडतो. त्यांत मी काही केलं नाही असं कुणाला वाटलं तर वाटू दे, खरंच केलं नाही.

वैद्यक मी हैदराबादेत उर्दूतून शिकलो, पत्रकं इंग्रजीत येतात, निम्मे पेशंट कन्नडमध्ये कण्हतात आणि सरकार वर्षभरापासून महाराष्ट्राचं आहे. तेव्हा डायरी मराठीत लिहून सरकारवर उपकार करावेत म्हणतो.

टायवाल्या गृहस्थानं टेबलावर दोन वस्तू मांडल्या. एक, सर्दी आणि खाजेवरचं गुलाबी सिरप आणि त्याच औषधाच्या गोळ्या. दुसरी, बारीक पांढऱ्या गोळ्यांची बाटली, प्रेडनिसोलोन. दमा, संधिवात, अंगावर उठणारं पित्त, सगळ्यांवर एकच गोळी. "डॉक्टरसाहेब, लंगडा चालायला लागतो!" मी विचारलं, "आणि चालणाऱ्याला दिली तर?" तो हसला. हसण्याचाही त्याला पगार मिळत असावा. जाताना त्याच जातीच्या इंजेक्शनच्या दोन कुप्या नमुना म्हणून ठेवून गेला. मी त्या कपाटात मागे सरकवल्या.

सादिकनं दोन्ही बाटल्या पुसून फळीवर लावल्या. सादिक माझा कंपाउंडर, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. गोळी खलून तिची पुडी बांधावी तर यानं. कागदाची टोकं अशी आत खोचतो की घोड्यावरून नेली तरी कण सांडत नाही. माझ्या निदानापेक्षा त्याच्या पुडीवर गावाचा विश्वास जास्त आहे.

दुपारी जेवताना अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "वीरू, गुडघे लई धरलेत रे." मी म्हणालो, "वयोमान आहे, तेल लाव." निदान आणि उपचार एका घासात.

११ जुलै

मथुराबाई खुरपणीला जाते. आठ महिन्यांचं पोर बांधावर झोळीत असतं. पोराला सर्दी होती म्हणून तिनं गावातल्या दुसऱ्या एका डॉक्टरकडून गुलाबी सिरप नेलं. सर्दी गेली, सिरप चालूच. "लई गुणाचं औषध हाय साहेब. एक चमचा पाजलं की दिवस मावळेपर्यंत रडत न्हाय." शेजारच्या दोघींनीही तिच्याच बाटलीतून आपापली पोरं गुणी करून घेतली आहेत.

आज ते गुणी पोर हलवून उठवावं लागलं. श्वास संथ, ओठ कोरडे, अंगावर प्यायला तयार नाही. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं. पाच वाजता ते असं काही रडलं की मला ऐकून बरं वाटलं. बाटली मी मोरीत ओतली तेव्हा मथुराबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची गाय विकली.

२६ जुलै

बब्रुवान ट्रक चालवतो, सोलापूर ते हैदराबाद. अंगभर पित्त उठलं म्हणून मी त्याला त्या सिरपाच्याच औषधाच्या सहा गोळ्या दिल्या आणि बजावलं, गोळी घेऊन गाडी चालवायची नाही. "मग साहेब, गाडी काय तुमी चालवणार?" एवढं म्हणून तो गेला.

येणेगूरच्या पुढं ट्रक रस्ता सोडून लिंबाच्या झाडाला जाऊन टेकला. माणसं वाचली, कांद्याच्या गोण्या फुटल्या. आज कपाळाला पट्टी बांधून आला. "खाज गेली साहेब. गोळी लई चांगली हाय." उरलेल्या गोळ्यांचं काय केलंस म्हणून विचारलं. त्या त्यानं वडिलांना दिल्या होत्या. उत्तरेश्वर, वय बहात्तर, शिंका येत होत्या. म्हाताऱ्याच्या शिंका थांबल्या, त्याबरोबर लघवीही थांबली. पोट फुगून रात्रभर तळमळला, सकाळी मी नळी घातली तेव्हा सुटला. बापलेक दोघेही त्याच गोळीचे आभार मानतात.

९ ऑगस्ट

आज मी दवाखान्यात पाटी लावली. मोठ्या अक्षरांत: 'वय पाहून औषध'. वर्षाच्या आतल्या पोराला सर्दीचं सिरप नाही. गाडी हाकणाऱ्याला ती गोळी नाही. साठीच्या वरच्याला लघवीचं विचारल्याशिवाय नाही. पांढरी गोळी पोरांना आणि म्हाताऱ्यांना शक्यतो नाहीच; दिली तर थोडी, थोडेच दिवस, आणि डॉक्टरच्या डोळ्यांसमोर. गावात चार माणसांना वाचता येतं आणि ती चौघंही धडधाकट आहेत. तरी पाटी छान दिसते.

सादिक पाटीपुढे बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "साहेब, साठीच्या वरच्या बाईमाणसाचे गुडघे धरले तर?"

"तेल."

"तेलानं भागलं न्हाय तर?"

"वय कमी करायचं."

तो हसला नाही. "समजा कुणी दिलीच पांढरी गोळी, दोन-तीन महिने?"

त्याला ज्ञानाची भूक लागलीय म्हटल्यावर मी खुर्ची मागे टेकवली आणि व्याख्यान दिलं. ही गोळी म्हणजे शरीर स्वतः तयार करतं तसलाच माल. बाहेरून आयता मिळाला की शरीर आतला कारखाना बंद करतं. तोंड गोल होतं, भूक सुटते, रक्तात साखर चढते, चामडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळं-निळं होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गोळी एकदम बंद करणं. आतला माल नाही, बाहेरचाही नाही; माणूस चार दिवसांत ढेपाळतो, मरतोसुद्धा. बंद करायची तर पायरी पायरीनं उतरवायची.

सादिकनं सगळं दोनदा विचारून घेतलं. माझ्या एका तरी विद्यार्थ्याचं लक्ष असतं याचा आनंद झाला.

"कुणाबद्दल विचारतोस?"

"माकणीची एक म्हातारी हाय. मैमुनाच्या माहेरची." मैमुना म्हणजे त्याची बायको.

अव्वानं आज पुन्हा गुडघ्यांचं काढलं. मला पाटीला रंग द्यायचा होता.

२ सप्टेंबर

चमत्कार! अव्वा आज अंगणातून विहिरीपर्यंत काठी न घेता गेली आणि परत आली. गेल्या चैत्रात ती उंबऱ्याला धरून बसायची.

"तेल लावत होतीस ना?" मी विचारलं. आपल्या निदानाचं कौतुक ऐकावंसं वाटतं.

"तेल कसलं रं. इबूत." असं म्हणून तिनं चंचीतून कागदाची पुडी काढली. ओढ्यापलीकडच्या मठातल्या स्वामींनी विभूती दिलीय म्हणे. रोज दोन पुड्या, सकाळ-संध्याकाळ. ही विभूती ती कपाळाला लावत नाही, जिभेवर टाकते आणि वर गुळाचा खडा खाते.

"गूळ कशाला?"

"कडू हाय. लिंबाच्या लाकडाची राख असंल."

स्वामींचं कार्तिकापर्यंत मौन आहे, त्यामुळे विचारायची सोय नाही. न बोलणारा वैद्य आणि काही न करणारं औषध, जोडी मस्त आहे. माझ्या पत्रकात राखेचे दुष्परिणाम दिलेले नाहीत, म्हणून मी परवानगी दिली. पुडी मात्र सुबक बांधलेली होती, टोकं आत खोचून. मठातसुद्धा आता कारागिरी शिकवतात वाटतं.

१८ सप्टेंबर

अव्वाचं तोंड भरलं. गाल गोल गरगरीत, अगदी हंडीसारखे. बायका कौतुक करतात, "लेक डॉक्टर म्हणून अंगाला लागलं." मी नम्रपणे मान खाली घालतो. भूकही अशी की दोन भाकऱ्यांवर तिसरी मागते.

अव्वा चालायला लागल्याचं गावभर झालं आणि गावानं योग्य तो निष्कर्ष काढला. माझ्या दवाखान्यातले सहा संधिवातवाले मठात गेले. तिथं स्वामी बिचारे हातवारे करतात, लोकांना तो आशीर्वाद वाटतो, मग ते चुलीतली चिमूटभर राख देऊन एकेकाला वाटेला लावतात. त्या सहांपैकी कुणीच चालत नाही. श्रद्धा कमी पडली म्हणतात. माझ्याकडे राहिले असते तर माझं औषध कमी पडलं म्हणाले असते.

२९ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आली. अव्वाच्या हातावर दोन निळे डाग आहेत. चौकटीला लागलं म्हणाली. या वयात चौकटीशी भांडू नकोस, असं मी सांगितलं.

उमाबाई, म्हणजे आमच्या गृहलक्ष्मी, सकाळी म्हणाल्या, "अहो, सासूबाईंच्या मोरीत लाल मुंग्या लई लागतात. आपल्या मोरीत लागत न्हाईत."

मी म्हणालो, "मुंग्यांना मोरी निवडायचा हक्क नव्या सरकारनं दिला असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चकल्या तळायला गेल्या.

१४ नोव्हेंबर

वाईट दिवस. फळीवरचं सामान लावताना पांढऱ्या गोळ्यांची बाटली हाती आली. शंभरांतल्या बारा गोळ्या पेशंटांना गेल्या, तेवढ्याच मी कागदावर लिहून दिल्या होत्या. बाटलीत उरल्या नऊ. मागे नंतर मागवलेली दुसरी बाटली होती, तिचं सील फोडलेलं आणि आत नुसता कापसाचा बोळा. ती रिकामी.

सादिकला विचारलं.

"विकल्यास? ट्रकवाल्यांना? त्या दुसऱ्या डॉक्टरला?"

"इकल्या न्हाईत साहेब."

"मग गेल्या कुठं?"

"सांगता यायचं न्हाय. शपथ घातलीय."

शपथ! सात वर्षं ज्याच्या हाती कपाटाची किल्ली दिली तो माणूस चोरी करतो आणि वर शपथेची अब्रू सांभाळतो. मी किल्ली मागून घेतली. बोलू नये ते बोललो. त्याच्या जातीपर्यंत गेलो नाही, एवढंच स्वतःला सांगत बसलोय, जणू ती मोठी सभ्यता झाली.

दारात थांबून तो म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या साहेब. पण अव्वाची इबूत एकदम बंद पडू दिऊ नका. हळूहळू कमी करा."

आता सादिकमियाँ मला विभूती कशी घ्यावी ते सांगणार! मी म्हणालो, "ते स्वामी बघतील." तो गेला.

१५ नोव्हेंबर

सादिक सकाळी पुन्हा आला. मी आत घेतलं नाही. तासभर समोरच्या बाभळीखाली उभा होता. माफी मागायला आला असेल. उभा राहू दे म्हटलं. मी खिडकी लावून घेतली. दुपारी पाहिलं तर गेला होता. मैमुनाला घेऊन माकणीला गेला असं कळलं.

पुड्या मी स्वतः बांधल्या. सगळ्या सांडतात.

१८ नोव्हेंबर

अव्वा दोन दिवस उठली नाही. जेवण नको, मळमळ, अंगात त्राण नाही म्हणते. फराळ बाधला असणार. सोडामिंट दिलं. काठी पुन्हा उशाशी आलीय.

"इबूत संपली रे," असं म्हणाली. मी म्हणालो, "बरं झालं."

१९ नोव्हेंबर, सकाळ

पहाटेपासून चार वांत्या. हात गार. नाडी बारीक आणि पळती. रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, सत्तर. हिवताप नाही. हृदय म्हणावं तर दुखत नाही. मला काही कळत नाहीय. सोलापूरला न्यायचं तर जीप दुपारशिवाय नाही आणि वाटेत काय होईल सांगता येत नाही. मला भीती वाटतेय. एवढं लिहून पुन्हा तिच्याजवळ जातो.

तीच तारीख, संध्याकाळ

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी हे वेगळं सांगेन.

अव्वा एकच बोलत होती: "इबूत आण." उमाबाई म्हणाल्या, "म्हातारीची इच्छा हाय, आणा की." मी उठलो. मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून उठलो. हैदराबादचा पदवीधर राख मागायला ओढा ओलांडून मठात गेला.

एकादशीला स्वामींचं मौन सुटलं होतं. चार महिन्यांत साठलेलं सगळं बोलायला ते उत्सुक होते. मी विभूती मागितली तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाले, "तुमीसुद्धा डॉक्टर? अहो, मी तुमच्या आईला कधी इबूत दिलीच न्हाई! ती मठात आलीबी न्हाई. लोकं यायला लागली, मला बोलता येईना, मग काय करू?"

मी तिथंच उभा राहिलो. कडू. गोल तोंड. हातावरचे डाग. मुंग्या. टोकं आत खोचलेली पुडी. हळूहळू कमी करा. माझंच व्याख्यान, शब्दन् शब्द, दोनदा विचारून घेतलेलं.

चप्पल मठातच राहिली. धावत आलो. कपाटात मागे सरकवलेल्या त्या दोन कुप्या काढल्या. एक इंजेक्शन शिरेत दिलं, सलाईन लावलं. शीर दोनदा चुकली. टायवाल्याच्या हसण्याला मी हसलो होतो. त्याच्या फुकटच्या नमुन्यावर माझी आई टेकली होती. लघवी तपासली. निळं द्रावण उकळलं ते विटकरी झालं, म्हणजे साखर. मुंग्यांना तीन आठवडे आधीच ठाऊक होतं.

उमाबाईंना म्हणालो, "तुला संशय आला होता तर बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुमी मुंग्यांना सरकार दाखवलंत."

चार वाजता रक्तदाब शंभरला आला. अव्वानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "सादिकला कायबी बोलू नगंस. शपथ म्या घातलीती."

मी मोरीपाशी जाऊन रडलो. तिथं मुंग्या होत्याच.

२२ नोव्हेंबर

धोका टळला. माकणीला गेलो. बसनं अर्धी वाट आणि पुढे बैलगाडी.

सादिक सासऱ्याच्या अंगणात शेंगा फोडत बसला होता. मला पाहून उठला आणि विचारलं, "अव्वा कशा हायेत?" आधी तेच विचारलं. मी सांगितलं. त्यानं मैमुनाला हाक मारून तेच सांगितलं.

मैमुनानं चहा आणला पण माझ्याकडे बघितलं नाही. मी तोंडदेखली नाही, खरी माफी मागितली. दोन्ही हात जोडून. ती म्हणाली, "पंधरा तारखेला उन्हात उभे होते हे. सांगायलाच आले होते, शपथ मोडून. तुमी खिडकी लावली."



सादिकनं सगळं सांगितलं. मेमध्ये अव्वा दवाखान्यामागच्या पायरीवर बसून रडली होती. सादिकपाशी औषध मागितलं, पण लेकाला सांगायचं नाही म्हणाली, लेक हसतो. पुडी कुणी पाहिलीच तर मठातली विभूती म्हणायचं, हेही तिनंच ठरवलं. अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य पडल्यावर दंगली उसळल्या आणि मी हैदराबादेत पुस्तकं पाठ करत होतो तेव्हा याच अव्वानं सादिकला आणि मैमुनाला नऊ दिवस बळदात, धान्याच्या कोठारात, दडवून ठेवलं होतं. बाहेर माणसं त्यांना शोधत फिरत होती आणि ही ओट्यावर जात्यावर ओव्या म्हणत बसली होती. तिनं मागितलं आणि सादिकनं नाही म्हटलं, असं होणार नव्हतं.

"जुलैत नवी बाटली आली तवा सुरू केली. मग तुमी पाटी लावली, मी घाबरलो," तो म्हणाला. "आधी अर्धी-अर्धी, मग एक-एक, दिवसाला दोन गोळ्यांच्या वर गेलो न्हाय. दिवाळीनंतर कमी करायला लागणार हुतो. तुमी सांगितलं तसंच, पायरी पायरीनं."

चूक त्याची होतीच. डॉक्टरला चोरून म्हाताऱ्या बाईला चार महिने असलं औषध द्यायचं नसतं, हे मी त्याला सांगितलं आणि त्यानं मान्य केलं. पण तिला पोचलेलं औषध तरी त्याचं होतं. माझं नुसतं तेल.

३ डिसेंबर

सादिक परत आला. किल्ली त्याच्याकडे आहे.

आज मी अव्वाला दवाखान्यात नेलं आणि पेशंटच्या स्टुलावर बसवलं. नवा केसपेपर काढला. सात वर्षं या गावात दवाखाना आहे आणि तिचा केसपेपर नाही, हे लिहायला घेतल्यावर लक्षात आलं. नाव धुरपदाबाई. वय सहासष्ट. तक्रार?

"गुडघे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू शिकायला गेलास तवापास्नं. पाणी लांबून आणायला लागायचं."

मी दोन्ही गुडघ्यांना हात लावला. पहिल्यांदाच. उजवा सुजलेला होता, वाकवताना कटकट वाजत होता. लहान मुलालाही कळलं असतं. शेक, पायाचा व्यायाम, वेदनेची साधी गोळी जेवणानंतर, साखर-गूळ बंद, लघवीची तपासणी दर आठवड्याला. आणि पांढऱ्या गोळीचा उतार मी कागदावर मांडला: या आठवड्यात दीड, मग एक, मग अर्धी, मधे ताप-उलटी आली तर कमी करायचं नाही, उलट वाढवायची आणि मला लगेच कळवायचं. संक्रांतीनंतर बघू.

पुडीवर आता औषधाचं नाव लिहायचं, असा नियम केलाय. सादिकनं पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर नाव लिहिलं. अव्वाला वाचता येत नाही, म्हणून वाचूनही दाखवलं. 'वय पाहून औषध'च्या पाटीखाली मी एक ओळ वाढवली: 'आणि पेशंट पाहून'. सादिक म्हणाला, रंग चांगला आहे.

मी पुडी अव्वाच्या हातात दिली आणि सगळं समजावलं: किती, कधी, कशी उतरवायची, काय झालं तर काय करायचं. हैदराबादेत परीक्षेलाही इतकं नीट बोललो नव्हतो. एकदाही चेष्टा केली नाही. अव्वानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पुडी चंचीत ठेवली आणि काठी टेकत उठली.

"बरं हाय," ती म्हणाली. "सादिकला इचारते."